बंद ठेवलेल्या इंजिनाला गंजापासून वाचवा
ऑइलची निवड आणि साठवणीची रीत



इंजिन चालून जेवढे झिजत नाही, तेवढे ते नुसते उभे राहून खराब होते. ऐकायला हे उलटे वाटेल. पण शेडच्या कोपऱ्यात दोन पावसाळे काढलेले पंपाचे इंजिन उघडून बघा. लायनरवर तांबूस पट्टे, रिंगा चिकटलेल्या, व्हॉल्व्ह अडकलेले आणि चेंबरच्या तळाशी डांबरासारखा गाळ. हे सगळे एक तासही न चालता घडलेले असते.

आपल्या मराठवाड्यात ही बाब महत्त्वाची का? विहिरीवर वीज आली, आता अनेकांकडे सौर पंपही आले. त्यामुळे डिझेल इंजिन अडीअडचणीला उपयोगी म्हणून बाजूला पडले. १९७२ च्या किंवा २०१२-१३ सारख्या दुष्काळात विहिरीच आटल्या आणि इंजिने महिनोन् महिने बंद राहिली. पण अडचण येते ती सांगून येत नाही. गहू पेरून अठरा-एकवीस दिवस झालेले असतात, मुकुटमुळे फुटायची वेळ असते आणि नेमका डीपी जळतो. किंवा हरभऱ्याचे घाटे भरत असतात आणि मोटार जळते. अशा वेळी इंजिनाला हँडल मारावे तर ते फिरतच नाही. फिटर येईपर्यंत, सामान मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. पिकाला लागणारे पाणी त्या आठ दिवसांतच हवे असते. म्हणजे नुकसान इंजिनाच्या दुरुस्तीचे तर होतेच, त्याहून जास्त पिकाचे होते.

हे सगळे टाळता येते. त्यासाठी लागते दोन-तीन तासांचे काम, चेंबरपुरते नवे ऑइल आणि थोडे ग्रीस. ते कसे करावे, हे या पत्रकात सांगितले आहे.

गंज कसा चढतो?

लोखंड, हवा आणि ओल ही तीन एकत्र आली की गंज चढतो. यातले एक जरी काढून टाकले तरी गंज थांबतो. लोखंड आणि हवा तर आपण काढू शकत नाही. म्हणून ओल दूर ठेवायची आणि लोखंडावर ऑइलचा पातळ थर ठेवायचा, एवढाच उपाय उरतो. पुढचे सगळे काम याच एका गोष्टीसाठी आहे.

ओल फक्त पावसानेच येते असे नाही. ती तीन वाटांनी येते.

पहिली वाट शेडची. पत्र्याचे शेड दिवसा तापते, रात्री गार पडते. गार लोखंडावर हवेतली वाफ दवासारखी जमते. यालाच आपण ‘इंजिनाला घाम सुटला’ म्हणतो. हा घाम टाकीच्या आत, सिलिंडरच्या आत, सगळीकडे सुटतो.

दुसरी वाट डिझेलची. एक लिटर डिझेल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ सायलेंसरमधून निघून जाते. इंजिन थंड असेल तर तिच्यातला काही भाग आतच थिजतो आणि रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतो.

तिसरी वाट खुद्द जुन्या ऑइलची. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, पाणी आणि जळणातून तयार झालेली आम्ले असतात. डिझेलमध्ये पूर्वी गंधक पुष्कळ असे, त्यापासून गंधकाचे आम्ल तयार होई. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक फारच थोडे, दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत, असते. त्यामुळे हा त्रास कमी झाला, पण संपला नाही. कारण ऑइल तापून तापून स्वतःही आंबते. नव्या ऑइलमध्ये या आम्लाला मारणारे क्षारधर्मी द्रव्य घातलेले असते. वापराने ते संपत जाते. मग उरलेले आम्ल बेअरिंग आणि शाफ्ट यांना खात बसते. म्हणून जुने ऑइल चेंबरमध्ये ठेवून इंजिन बंद करणे सगळ्यात वाईट.

‘दर रविवारी पाच मिनिटे चालू करतो की!’

छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर, गारखेडा अशा वस्त्यांत राहणारी पुष्कळ मंडळी अशी आहेत, की नोकरी शहरात आणि शेत गावाकडे. शेत बटईने दिलेले असते. सुट्टीच्या दिवशी पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडे चक्कर होते. शेतावर गेले की प्रेमाने इंजिनाला हँडल मारायचे, पाच मिनिटे चालवायचे आणि समाधानाने परतायचे, अशी रीत पडलेली असते.

हेतू चांगला आहे, पण यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. जळणातली वाफ आतच थिजते. म्हणजे आपण दर आठवड्याला थोडे थोडे पाणी स्वतःच्या हाताने चेंबरमध्ये घालतो. वर्षभरात ऑइल पांढुरके, ताकासारखे होते.

म्हणून नियम असा : चालवायचेच तर पंपाचा भार देऊन किमान अर्धा तास चालवा, म्हणजे ऑइल चांगले तापून वाफ निघून जाईल. ते जमत नसेल तर चालवूच नका. खाली सांगितल्याप्रमाणे व्यवस्थित बंद करून ठेवा.

ऑइल कोणते घ्यावे?

दुकानात गेल्यावर ‘एक नंबर द्या’ एवढे सांगून भागत नाही. डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे दाटपणा. तो एस.ए.ई. या अक्षरांपुढच्या आकड्याने दाखवतात. आकडा मोठा तर ऑइल दाट. एस.ए.ई. ३० पातळ, ४० त्याहून दाट. हा दाटपणा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापलेले असताना मोजतात. काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीजवळ पातळ होते, तसेच ऑइलचे असते. म्हणून काही ऑइलवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १५-डब्ल्यू-४०. याचा अर्थ, थंडीत ते पातळ ऑइलसारखे वाहते आणि तापल्यावर ४० नंबरसारखे दाट राहते. डिसेंबरच्या पहाटे इंजिनाला हँडल मारताना हा फरक हाताला कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. तो ए.पी.आय. या अक्षरांपुढे लिहितात. पहिले अक्षर ‘एस’ असेल तर ऑइल पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ असेल तर डिझेल इंजिनासाठी. त्यापुढचे अक्षर वर्णमालेत जेवढे पुढचे, तेवढा दर्जा नवा. सी.डी. जुना, सी.एफ.-४ त्याहून नवा, सी.आय.-४ आणखी नवा. पंपाच्या साध्या एका सिलिंडरच्या इंजिनाला फार महागडे ऑइल लागत नाही. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत जो दाटपणा आणि जो दर्जा सांगितला असेल तो, किंवा तोच दाटपणा आणि त्याहून नवा दर्जा घ्यावा. पुस्तिका हरवली असेल तर त्याच कंपनीच्या विक्रेत्याला इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर सांगून विचारावे.

तीन सूचना :

१. सुटे ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा घ्या आणि सील आपल्यासमोर फोडा. रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका. त्याला भोक पाडून द्या, म्हणजे त्यात पुन्हा खोटे ऑइल भरले जाणार नाही.

२. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते, म्हणून ते वाईट असे समजू नका. चांगले ऑइल काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते काळे दिसते. ऑइल रंगावरून नव्हे, तासांवरून बदलावे. किती तासांनी ते पुस्तिकेत दिलेले असते. तासांचा हिशोब भिंतीवर खडूने लिहिला तरी चालतो. मात्र ऑइल पांढुरके, दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. ते त्याच दिवशी बदला आणि पाणी कोठून जाते ते फिटरकडून तपासून घ्या.

३. अवजारांना आणि बंद इंजिनाला ‘काळे ऑइल’ फासायची सवय सोडा. वर सांगितल्याप्रमाणे त्यात पाणी आणि आम्ल असते. शिवाय ते कातडीला घातक आहे. ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात तर कधीच ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे. फासायला ताजे ऑइल किंवा ग्रीस वापरावे. ते थोडेसेच लागते.

डिझेल इंजिन बंद ठेवण्याची रीत

महिन्याहून जास्त काळ इंजिन लागणार नसेल तर एक सकाळ काढा आणि क्रमाने ही कामे करा.

१. इंजिन अर्धा तास भारावर चालवून चांगले तापवा. मग बंद करून गरम असतानाच चेंबरचा नट खोलून जुने ऑइल काढा. गरम ऑइलबरोबर गाळ निघून येतो. थंड झाल्यावर तो तळाला बसून राहतो. हात भाजणार नाही याची काळजी घ्या.

२. ऑइलची जाळी किंवा फिल्टर साफ करा, बदलायचा असेल तर बदला. नवे ऑइल पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. पुन्हा पाच मिनिटे चालवा, म्हणजे नवे ऑइल सगळ्या भागांना लागेल. इथे पाच मिनिटे चालतात, कारण इंजिन अजून तापलेलेच असते.

३. पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल तर ते गार झाल्यावर सगळे पाणी काढून टाका. आपल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते आत राहिले तर क्षारही धरतो आणि गंजही चढतो. पंपातलेही पाणी काढा.

४. डिझेलच्या टाकीच्या तळाचा नट सैल करून खाली बसलेले पाणी आणि गाळ काढून टाका. मग टाकी काठोकाठ भरा. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा राहते आणि हवेतल्या वाफेचे पाणी होते.

५. नोझल काढून सिलिंडरमध्ये दोन मोठे चमचे ताजे ऑइल घाला. याहून जास्त घालू नका. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हील हाताने आठ-दहा फेरे फिरवा, म्हणजे ऑइल लायनरला सगळीकडे लागेल. नोझल परत बसवा.

६. खटका खाली करून फ्लायव्हील हळूहळू फिरवा आणि जड लागेल तिथे थांबा. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणून सिलिंडरमध्ये बाहेरची हवा शिरत नाही. फ्लायव्हीलवर खडूने खूण करून ठेवा.

७. एअर क्लीनरचे आणि सायलेंसरचे तोंड ऑइल लावलेल्या चिंधीने बंद करा व वरून प्लॅस्टिक बांधा. सायलेंसर आभाळाकडे तोंड करून असेल तर हे विसरून चालणारच नाही. उंदीर आणि गांधीलमाशीही याच वाटेने आत घर करतात.

८. पट्टा उतरवून सावलीत टांगा. उघड्या लोखंडी भागांवर ग्रीसचा हात फिरवा. रबर आणि पट्टा यांना ऑइल लागू देऊ नका.

९. एका पुठ्ठ्यावर तारीख, कोणते ऑइल भरले ते आणि ‘सायलेंसरचे तोंड बंद आहे, चिंधी काढा’ असे ठळक लिहून तो हँडलला बांधा. शेत बटईने असेल तर हा पुठ्ठा फार उपयोगी. बंद करणारा एक आणि चालू करणारा दुसरा असतो.

जागा कोणती?

काळ्या मातीवर इंजिन सरळ ठेवू नये. ती ओल धरून ठेवते. दगड किंवा लाकडी ओंडके घालून ते वीतभर उंच करावे. वरून गोणपाट टाका. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, त्याच्या आत घाम सुटतो. टाकलाच तर खालून हवा खेळती ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, इंजिन खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. ही चूक घरोघर दिसते. युरिया आणि मिश्र खते हवेतली ओल ओढून घेतात. म्युरेट ऑफ पोटॅश तर मिठाचाच भाऊबंद. समुद्रकाठी मीठ लोखंडाला जे करते, तेच तो इथे आपल्या शेडमध्ये करतो. खतातल्या अमोनियाने तांब्या-पितळेच्या नळ्याही हिरव्या पडतात आणि तडकतात. खत एका बाजूला, इंजिन दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत असेल तर उत्तम.

फवारणीचा पंप आणि होडीचे मशीन

पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप कापसाचा हंगाम संपला की जूनपर्यंत पडून असतो. त्यांपैकी पुष्कळांचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण पुस्तिकेत बघावे. ५० ला १ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर, २५ ला १ म्हणजे ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या मापाने मोजा. डिझेल इंजिनाचे ऑइल यात चालत नाही. त्याची राख होऊन प्लग आणि जाळी बुजते. डब्यावर ‘टू-स्ट्रोक’ लिहिलेले हवे.

आता पेट्रोलची एक नवी गोष्ट. उसापासून, धान्यापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. २०२५ पासून वीस टक्के मिसळलेले पेट्रोल देशभर मिळते. इथेनॉल पाण्याला ओढून घेते. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिले आणि त्यात पुरेसे पाणी गेले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते आणि इंजिन जळण घेते ते तळातूनच. अशा वेळी इंजिन चालले तर विना-ऑइल चालते आणि जाम होते. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा. मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. प्लग काढून एक लहान चमचा टू-स्ट्रोक ऑइल आत घाला, दोरी तीन-चार वेळा हळू ओढा आणि प्लग बसवा. औषधाची टाकी आणि नळ्या स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुऊन वाळवा.

पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ साली सुरू झाले आणि नाथसागराच्या काठी मासेमारी वाढली. तिथे आणि बचाव पथकांकडे होडीच्या मागे लावायची मशीन असतात. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात अशी मशीन काढून ठेवतात. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे :

• पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनला टी.सी.-डब्ल्यू.३ असे लिहिलेले ऑइल लागते. ते राख न होणारे असते. मोटारसायकलचे टू-स्ट्रोक ऑइल त्यात घालू नये. फोर-स्ट्रोक मशीनला पुस्तिकेत सांगितलेले वेगळे ऑइल चेंबरमध्ये भरतात.

• मशीन ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे चालवून आतला गाळ धुवा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मशीनला तर हे रोजच करावे. पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, पाणी ओढणारे रबराचे चाक जळते.

• पंख्याच्या वरच्या गिअरचे ऑइल बदला. ते दुधाळ निघाले तर सील गेले आहे. नवे ऑइल खालच्या भोकातून दाबून भरा. वरच्या भोकातून येऊ लागले की भरले. वरून ओतल्यास आत हवा अडकते.

• मशीनला लावलेला पांढऱ्या धातूचा तुकडा गंजू द्यायचाच असतो. तो स्वतः झिजून बाकीचे मशीन वाचवतो. त्याच्यावर रंग देऊ नये. निम्मा झिजला की बदलावा. खाऱ्या पाण्यात जस्ताचा आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा चांगला.

• मशीन उभेच टांगून ठेवा, म्हणजे सगळे पाणी निथळते.

पुरात बुडालेले इंजिन

२००६ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गोदावरीकाठी पाणी चढले आणि कितीतरी इंजिने बुडाली. पाणी ओसरल्यावर पहिला मोह होतो तो ‘चालू होतंय का बघू’ असा. असे करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. हँडलचा एक जोरदार फेरा कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरेसा होतो.

आधी बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवा. नोझल काढा. चेंबरमधले ऑइल, टाकीतले डिझेल, सगळे काढून टाका. खटका उचलून फ्लायव्हील हळू फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. सिलिंडरमध्ये ऑइल घाला. चेंबरमध्ये साधे ऑइल भरून हाताने फिरवून ते काढून टाका. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा असे करावे लागते. मग नवे ऑइल, नवा फिल्टर. हे पाणी ओसरल्यापासून एक-दोन दिवसांत झाले तर इंजिन बहुधा वाचते. आत वाळू-गाळ गेला असेल तर मात्र फिटरकडून उघडूनच घ्यावे.

जाम झालेले आणि पुन्हा चालू करायचे इंजिन

जाम झालेल्या इंजिनाला पहार लावून फिरवू नका. नोझल काढून निम्मे डिझेल, निम्मे ऑइल असे मिश्रण आत घाला आणि दोन दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवा. सुटले तर ठीक, नाही तर फिटरला बोलवा.

नीट ठेवलेले इंजिन चालू करताना आधी चिंध्या काढा. ऑइलची पट्टी बघा, पाणी भरा. नोझल काढून दहा-वीस फेरे हाताने फिरवा, म्हणजे आतले जादा ऑइल बाहेर पडेल आणि बेअरिंगला ऑइल पोचेल. नोझल बसवून डिझेलच्या नळीतली हवा काढा आणि मग हँडल मारा. सुरुवातीला थोडा निळसर धूर येईल, तो आपण घातलेल्या ऑइलचा. काही मिनिटांत जातो.

थोडक्यात, जुने ऑइल काढा, नवे भरा, पाणी काढा, तोंडे बंद करा आणि खतापासून दूर ठेवा. हे पत्रक शेडच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. बटईदाराला, घरातल्या मुला-मुलींना एकदा सगळे काम समोर करून दाखवा. शहरात राहणाऱ्या मंडळींनी पुढच्या सुट्टीला गावी जाल तेव्हा पाच मिनिटांचे हँडल न मारता ही एक सकाळ इंजिनाला द्या. गव्हाला पाणी हवे असेल त्या दिवशी ते पहिल्या हँडलला उभे राहील.